गगनबावड्याच्या वाटेवर, कुऱ्हाड हाती घेताना

मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीच्या नाक्यावरून गगनबावड्याच्या रस्त्याला लागा. बालिंग्याच्या पुलाखाली भोगावतीवर धुके पसरलेले असते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडणी झालेले मोकळे रान आणि साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग. कळे मागे पडले की ऊस विरळ होतो, भाताची कापलेली खाचरे दिसू लागतात आणि डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येतात. साळवण ओलांडेपर्यंत हवेतला गारवा गाडीत शिरलेला असतो. कोल्हापूरपासून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. त्याच्या थोडे अलीकडे, रस्त्यापासून आत, आमचे वाडवडिलांचे कौलारू घर आहे. गेली पाच वर्षे माझे बहुतेक रविवार त्या घराच्या परड्यात जळण तोडण्यात, फोडण्यात आणि रचण्यात जातात. आज तुम्हालाही तिथे नेण्याचा विचार आहे.

वाटेत एखाद्या गुऱ्हाळाशी अवश्य थांबा. ताजा रस घ्या (मधुमेही असाल तर नुसता वास पुरे), पण नजर चुलवाणाकडे असू द्या. वर काहिलीत रस उकळत असतो आणि खाली एक गडी चुलवाणात चिपाड सारत बसलेला असतो. चरकातून निघालेले ओले चिपाड तो लगेच जाळत नाही. ते खळ्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवले जाते, मगच त्याची पाळी येते. ओले चिपाड आत गेले तर धूर दाटतो, आच बसते आणि गुळव्या ओरडतो. जळणाचे सगळे शास्त्र या एका दृश्यात आहे. ते मला समजायला मात्र पुष्कळ वर्षे आणि एक मोठे दुःख सोसावे लागले. त्याकडे मी पुढे येणार आहे.

पहिला रविवार आणि पुढचे तीन दिवस

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझ्या रक्तातल्या साखरेने मर्यादा ओलांडली. दिवसाचे दहा तास दवाखान्याच्या खुर्चीत बसून मी इतरांना व्यायामाचा उपदेश करत होतो. तालमींच्या या गावात, जिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले, तिथे जन्म काढून माझ्या दंडात पाण्याची घागर उचलण्याचेही बळ उरले नव्हते. त्याच पावसाळ्यात गावाकडच्या आंब्याची एक जाड फांदी मोडून गोठ्याच्या पाख्यावर पडली. ती तोडायला माणूस बोलवायचा, की आपणच हात घालायचा? मी दुसरा पर्याय निवडला.

पहिल्याच दिवशी सर्वांत जाड, गाठीचा ओंडका मी समोर घेतला. कुऱ्हाड गाठीत रुतली. कमरेत वाकून, अंगाला पीळ देऊन मी ती उपसायला गेलो आणि पाठीत लचक भरली. पुढचे तीन दिवस मी अंथरुणावर होतो. दवाखान्यातल्या पेशंटांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला असावा.

पुढच्या खेपेला शेजारच्या घरातले आबा परड्याच्या गडग्यावर येऊन बसले. वय सत्तरीच्या पुढे. थोडा वेळ माझे हाल बघून ते म्हणाले, "डॉक्टर, कुऱ्हाडीला काम करू द्या की. तुम्ही मधी कशाला कडमडताय?"

आबांनी मला जे शिकवले ते तुम्हाला जसेच्या तसे सांगतो. तोडायची कुऱ्हाड वेगळी आणि फोडायची वेगळी. तोडायची पातळ पात्याची, तर फोडायची जड आणि पाचरीसारखी मागे रुंद होत गेलेली. खाली रुंद, सपाट ठोकळा हवा, साधारण गुडघ्याइतका उंच. ओंडका त्यावर उभा ठेवायचा. पाय खांद्याइतके फाकवून घट्ट रोवायचे. कुऱ्हाड वर नेताना एक हात पात्याजवळ असतो, खाली येताना तो सरकून दुसऱ्या हाताला भेटतो. नजर ओंडक्याच्या माथ्यावर न ठेवता खालच्या ठोकळ्यावर ठेवायची, म्हणजे घाव अर्ध्यात मरत नाही. घाव उतरताना गुडघे किंचित वाकवायचे. कंबर आपोआप वाचते. श्वास कोंडायचा नाही, घावाबरोबर बाहेर सोडायचा. आधी लाकडाची चीर शोधायची आणि तिच्या रेषेत घाव घालायचा. कडेने ढलप्या काढत आत जायचे, मध्यावर पहिला घाव घालायचा नाही. गाठ आली तर हट्ट सोडून लोखंडी पाचर आणि घण घ्यायचा, नाहीतर तो ओंडका सरळ बाजूला ठेवायचा.

कुऱ्हाडीचा दांडा ढिला असेल तर तिला हातही लावू नये. निसटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण जरा वेगळ्या अर्थाने इथे खरी ठरते.

लाकडाची ओळखही हळूहळू होत जाते. आंबा सहज फुटतो आणि भरभर जळून जातो. बाभळीला घाम गाळावा लागतो, पण तिचा विस्तव टिकतो. निलगिरी ओली असताना बरी फुटते. वाळली की पिळाच्या तंतूंमुळे कुऱ्हाडीला जुमानत नाही. ऐन कठीण, वजनदार. बांधावरचे गिरिपुष्प छाटले की पुन्हा फुटते, म्हणून सरपणासाठी त्याच्यासारखे उपकारी झाड नाही.

शरीराला काय मिळते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे काहीतरी करावे. पहिला भाग आपल्यापैकी बरेच जण रंकाळ्याच्या फेरीत पुरा करतात. दुसरा भाग मात्र पन्नाशीनंतर जवळजवळ सर्वांचाच राहून जातो. जळण फोडताना मनगटाची पकड, दंड, खांदे, पाठ, पोट, मांड्या असे सगळे स्नायू एका लयीत कामाला लागतात. तालमीत गदा फिरवणाऱ्याला जे मिळते, त्याचीच ही गावठी आवृत्ती म्हणा. कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हा व्यायाम विशेष मानवतो. माझी साखर आटोक्यात आली. मात्र त्यात आहाराचा, औषधाचा आणि रोजच्या चालण्याचाही वाटा आहे. रविवारच्या कुऱ्हाडीने आठवडाभराचे बसणे भरून निघत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

मनाला मिळते ते निराळेच. घाव बसला की लाकूड आवाजातून उत्तर देते. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. खणखणीत आवाज आला तर वाळले आहे. त्या आवाजाकडे कान लावलेला माणूस खिशातल्या फोनला विसरतो. आठवडाभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढे विसरणेही औषधच वाटते.

आईचा प्रश्न

हे सगळे रंगात आलेले असताना एका रविवारी पत्नीने मला विचारले, "ज्या धुराने आईंना नेले, त्याचीच हौस तुम्ही करणार का?"

याच घराच्या मागच्या खोलीत माझ्या आईने तीसेक वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. खोलीला एकच लहान खिडकी होती. पावसाळ्यात गगनबावड्याच्या परिसरात आकाश आठवडेच्या आठवडे उघडत नाही. तेव्हा ओली लाकडे फुंकणीने फुंकत ती बसलेली असे. डोळे लाल, पदर नाकाशी. तिने आयुष्यात कधी तंबाखूला स्पर्श केला नाही. साठीनंतर चार पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा तिचा डॉक्टर मुलगा "वय झाले आता" एवढेच म्हणाला. फुफ्फुसांची तपासणी करून घ्यायला मी दोन वर्षे उशीर केला. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा कायमचा अडथळा जडला होता. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार आपल्याकडे चुलीसमोर बसणाऱ्या बायकांनाही मोठ्या प्रमाणावर होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. माझ्याच घरात ते मला दिसले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. आपल्या देशात १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅसजोडण्या गेल्या. तरीही २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच आढळली. सिलिंडर कोपऱ्यात उभा आणि भाकरी चुलीवर, हे दृश्य आमच्या गावात आजही दिसते. भरलेल्या सिलिंडरला पैसे पडतात. रानातल्या काटक्यांना फक्त बाईचे कष्ट पडतात, आणि ते कोणी मोजत नाही.

पत्नीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी कुऱ्हाड मी कोपऱ्यात ठेवून दिली.

मावशींचा प्रश्न

पुढच्या रविवारी परड्यात नुसताच बसलो होतो. डोक्यावर जळणाची मोळी घेऊन वस्तीवरच्या एक मावशी समोरून आल्या. पन्नाशीच्या असतील. मोळी गडग्याला टेकवून त्यांनी घाम पुसला आणि माझ्या ठोकळ्याकडे बोट दाखवले.

"डॉक्टर, तुम्ही हौसेनं लाकडं फोडताय म्हणं. व्यायाम हुतोय म्हणं त्येनं?"

"होतो तर."

"मग ह्ये डोक्यावरचं बी व्यायामच की आमचा! तरी मान का भरून येती वो? आन् गुडघं का वाजत्यात?"

मावशींच्या बोलण्यात टोमणा होता, पण प्रश्न अगदी शास्त्रीय होता. घरी परतताना गाडीत त्यावरच विचार करत राहिलो. भार तोच, स्नायू तेच, घामही तोच. मग एकाला बळ येते आणि दुसऱ्याची मान झिजते, असे का?

मला सापडलेले उत्तर असे: व्यायाम म्हणजे असे श्रम, जे आपल्याला मनात येईल तेव्हा थांबवता येतात. माझी पाठ भरून आली की मी कुऱ्हाड ठेवतो, चहा घेतो, पुढच्या रविवारी पुन्हा येतो. त्या सहा दिवसांत शीण पावलेला स्नायू दुरुस्त होतो आणि थोडा अधिक बळकट होतो. मावशींना आज मान दुखते म्हणून मोळी टाकता येत नाही. संध्याकाळी चूल पेटायची असते. उद्याही तेच. विश्रांती न मिळालेल्या शरीरात श्रम बळ साठवत नाहीत, झीज साठवतात. कष्टकरी रुग्णाला "तुम्हाला व्यायामाची काय गरज?" असे म्हणणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

कुऱ्हाड मी पुन्हा उचलली ती दोन अटींवर. पहिली अट, आमच्या छपराखाली आत धूर होणार नाही. दुसरी, वर्षभरात जेवढे जळण फोडेन त्यातले अर्धे, कडकडीत वाळल्यावर, मावशींच्या दारात जाईल. हा फार मोठा परोपकार नाही. त्यांच्या वाट्याच्या काही मोळ्या कमी होतात आणि उरलेल्या विस्तवाला धूर कमी लागतो, इतकेच. त्यांना खोकला होता. तपासणी वेळेवर करून घेतली. चूल त्यांनी घरातून मागच्या पडवीत आणली. एक उशीर माझ्या हातून झाला होता, दुसरा होऊ द्यायचा नव्हता.

वाळवणे हेच खरे काम

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते जळताना आधी पाण्याची वाफ होण्यात उष्णता जाते, ज्वाला मंदावते आणि न जळलेले घटक धूर होऊन बाहेर पडतात. ओल २० टक्क्यांच्या खाली आली की तेच लाकूड स्वच्छ ज्वालेने जळते. "सुक्याबरोबर ओलेही जळते" ही म्हण चुलीपाशी धोक्याची ठरते, कारण ते ओले जळताना घरातल्यांच्या छातीत उतरते.

फोडल्याशिवाय लाकूड नीट वाळत नाही. साल ओल धरून ठेवते. आमच्याकडे दिवाळीनंतर फोडणी सुरू होते आणि वैशाखापर्यंत जळणाला ऊन मिळते. जमिनीपासून वीतभर उंच दगड मांडून त्यावर रास रचा. वर पत्रा असू द्या, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे वारा आरपार जातो. टोकांना चिरा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणटणले, की जळण तयार झाले. नॉर्वेत तर ही कला राष्ट्रीय छंदच आहे. लार्स मिटिंग या लेखकाचे लाकूड तोडणे, रचणे, वाळवणे यावरचे पुस्तक २०११ साली तिथे आले आणि हातोहात खपले. पुढे २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने जळणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, तेव्हा रचताना साल वर असावी की खाली यावर प्रेक्षक भांडले. आबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "पाऊस लागत आसंल तर वर, न्हाईतर खाली. भांडायचं काय त्यात?"

हे जळण मी जाळतो ते परड्यातल्या तांब्याच्या बंबात. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. थोड्या ढलप्यांवर घरच्या सर्वांची अंघोळ होते आणि धूर आकाशात जातो. बंब, शेगडी किंवा कोळसा बंद न्हाणीघरात किंवा झोपायच्या खोलीत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीतच जातो.

लाकूड आणायचे कोठून

छंदासाठी जंगलात शिरू नये. राखीव वनातून लाकूड आणणे गुन्हा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर १९५८ पासूनचे राधानगरी अभयारण्य आहे. तिथे पडलेले झाडही कुजून मातीचे अन्न होते. स्वतःच्या शेतातल्या झाडांनाही १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम लागू आहे. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, साग अशी झाडे आधी परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाहीत. शहरातल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आहे. मग उरते काय? वादळात मोडलेल्या फांद्या, बांधावरच्या गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची छाटणी, जुन्या घराचे कुजके वासे. एका कुटुंबाच्या छंदाला एवढे पुरते. रंग किंवा वॉर्निश लावलेले लाकूड आणि प्लायवूड मात्र जाळू नका. त्यांचा धूर विषारी असतो. शेत नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याची छाटणी करून द्या. तो तुम्हाला चहाही पाजेल.

कोणी, कधी, किती

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हर्निया किंवा मणक्याची चकती सरकलेल्यांनी हा छंद दुरूनच बघावा. थंडीच्या पहाटे थेट कुऱ्हाड उचलू नका. दहा मिनिटे चाला, खांदे फिरवा. सुरुवातीला १५ मिनिटे पुरेत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम असे काही जाणवले तर कुऱ्हाड तिथेच ठेवून रुग्णालय गाठा.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. उडालेली ढलपी बुबुळाला जखम करते. पायात बंद, जाड बूट घाला. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. मुले आणि कुत्री दहा पावले लांब ठेवा.

जळणाच्या राशीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून बघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि विंचू यांना ती जागा फार आवडते. साप चावल्यास बांधू नका, कापू नका, चोखू नका. अवयव न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. लाल विंचवाच्या दंशाने अंग घामेजते, हातपाय गार पडतात, उलट्या होतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने त्यावर मात करता येते हे दाखवले आणि हजारो जीव वाचले. म्हणून वेळ न दवडता उपचार घ्या.

संध्याकाळी ऊन डोंगराआड गेले की मी कुऱ्हाड पुसून, तेलाचा हात देऊन आत ठेवतो. गेल्या रविवारी मावशी मोळीशिवाय, रिकाम्या हातांनी परड्यात आल्या. त्यांनी माझी कुऱ्हाड उचलून पाहिली, आंब्याचा एक ओंडका ठोकळ्यावर ठेवला आणि एका घावात त्याची दोन शकले केली. मग कुऱ्हाड खाली ठेवून हसल्या. "झाला आजचा व्यायाम," म्हणाल्या, आणि आमच्या पायरीवर चहाची वाट बघत बसल्या.